बोलक्या मदतनीसाची पारख

शिक्षकाचे काम वर्गात संपत नाही. प्रश्नपत्रिका काढायची, उत्तरसूची तयार करायची, पालकसभेची सूचना लिहायची, सहलीच्या परवानगीचे पत्र करायचे, वार्षिक अहवाल पुरा करायचा. या लिखाणात संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. अलीकडे या कामाला एक नवा मदतनीस मिळाला आहे. तो दिसत नाही, थकत नाही, आणि आपण लिहिलेल्या किंवा उच्चारलेल्या वाक्याला वाक्यानेच उत्तर देतो. त्याला ‘आभासी मदतनीस’ म्हणतात.

२०११ साली ॲपलच्या फोनवर ‘सिरी’ आली, २०१४ साली ॲमेझॉनची ‘ॲलेक्सा’ आली. त्या काळी गजर लावणे, गाणे ऐकवणे, हवामान सांगणे अशी ठरावीक कामे या मदतनिसांकडे असत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओपनएआय या कंपनीने ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले केले आणि चित्र बदलले. आता मदतनीस निबंध लिहितो, गणित सोडवतो, धड्याचा सारांश करतो, आणि बऱ्यापैकी मराठीतही बोलतो.

अशा मदतनीसाबद्दल शिक्षकांत दोन टोकाच्या भूमिका दिसतात. काही जण त्याने दिलेले उत्तर जसेच्या तसे फळ्यावर उतरवतात. काही जण त्याची एखादी ढोबळ चूक पाहून त्याचे नावच टाकतात. यंत्रांच्या बाबतीत हे नवे नाही. राजा परासुरामन आणि व्हिक्टर रायली या संशोधकांनी १९९७ साली स्वयंचलित यंत्रे व माणसे यांच्या संबंधांचा आढावा घेतला. त्यात त्यांनी योग्य वापराबरोबरच दोन दोष वेगळे काढून दाखवले : यंत्रावर गरजेपेक्षा जास्त विसंबणे आणि उपयोगी यंत्र अविश्वासामुळे बाजूला ठेवणे. दोन्हींचे मूळ एकच. यंत्राची लायकी किती आणि आपला विश्वास किती, यांचा मेळ बसलेला नसतो. तो मेळ कसा बसवावा, हाच या लेखाचा विषय आहे.

एलायझाचा धडा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाच्या आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकातल्या नायिकेचे. पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ लिहिले, आणि मराठी प्रेक्षकांची मंजुळा म्हणजे शॉची एलायझा. तिला जसे उच्चभ्रू बोलणे शिकवले जाते, तसे या आज्ञावलीला संभाषण शिकवता येई, म्हणून हे नाव.

एलायझाची करामत अगदी साधी होती. समोरच्याच्या वाक्यातला एखादा ठळक शब्द पकडायचा, ‘मी’चे ‘तुम्ही’ करायचे आणि वाक्य प्रश्नाच्या साच्यात ओतून परत द्यायचे. ‘मला हल्ली कंटाळा येतो’ असे कोणी लिहिले, की ‘तुम्हाला हल्ली कंटाळा का येतो?’ असा प्रश्न यायचा. अर्थ समजण्याचा यात संबंधच नव्हता. तरीही लोक तिच्याशी मन मोकळे करू लागले. वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी ही आज्ञावली तयार होताना महिनोन् महिने पाहिली होती. पण तिच्याशी थोडेसे बोलणे होताच त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले! ही हकीकत त्यांनी १९७६ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे.

यावरून एवढे ध्यानात ठेवावे, की कोणी नीट वाक्यात उत्तर दिले, की त्याला विषय समजला आहे असे आपण मनोमन धरून चालतो. माणसांच्या बाबतीत ही सवय बहुतेक वेळा खपून जाते. यंत्राच्या बाबतीत ती सोडावी लागते.

यंत्र बोलते कसे?

आजचे मदतनीस एलायझाहून फार पुढे गेले आहेत. त्यांच्या कामाची कल्पना येण्यासाठी आपल्या भाषेच्या तासातला एक प्रश्न घेऊ : ‘रिकाम्या जागी योग्य शब्द भरा. पावसाळ्यात नदीला ____ आला.’ आपण चटकन ‘पूर’ म्हणतो. ‘राग’ किंवा ‘ताप’ म्हणत नाही, कारण नदीशेजारी पूर हा शब्द आपण अनेकदा ऐकला आहे. यंत्राला प्रचंड प्रमाणावर मजकूर पुरवून हाच खेळ अब्जावधी वेळा खेळायला लावतात. प्रत्येक वेळी त्याचा अंदाज आणि खरा शब्द यांतील तफावत पाहून यंत्रातले आकडे किंचित बदलले जातात. २०१७ साली गूगलमधील संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली. लांबच्या शब्दांचाही संबंध लक्षात घेऊन असा अंदाज करणे तिच्यामुळे सोपे झाले. पुढच्या टप्प्यात, माणसांनी कोणते उत्तर जास्त पसंत केले याच्या आधारे यंत्राला आणखी वळण लावतात.

म्हणजे यंत्राचे उत्तर हे कपाटातून काढून दिलेले पुस्तक नव्हे. ते त्या क्षणी शब्दाला शब्द जोडून तयार होते. नेहमीच्या विषयावर योग्य शब्द आणि खरी गोष्ट यांची सहसा गाठ पडते. विषय आडवाटेचा असला की शब्द शोभून दिसतात, पण गोष्ट खरी असेलच असे नाही. काही मदतनीस आता इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात, आकडेमोडीसाठी वेगळी आज्ञावली चालवतात. त्यामुळे चुका कमी होतात, संपत नाहीत.

याचे एक गाजलेले उदाहरण २०२३ सालचे आहे. विमानप्रवासात गुडघ्याला दुखापत झाल्याबद्दल न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एक दावा चालू होता. प्रवाशाच्या वकिलांनी आपल्या निवेदनात काही जुन्या निकालांचे दाखले दिले. ते निकाल कोणालाच सापडेनात, कारण ते चॅटजीपीटीने रचलेले होते. गंमत अशी की, निकाल खरा आहे ना, असे एका वकिलाने त्याच यंत्राला विचारलेही होते, आणि यंत्राने ‘हो’ म्हटले होते. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. साक्षीदाराची साक्ष त्याच साक्षीदाराला विचारून पडताळता येत नाही, हे यात विसरले गेले.

हुशार हान्स आणि प्रश्न विचारण्याची रीत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकांचा हान्स नावाचा घोडा फार गाजला. बेरीज-वजाबाकी विचारली, की तो खूर आपटून उत्तर देई. १९०४ साली नेमलेल्या समितीला यात काही लबाडी आढळली नाही. पुढे ओस्कार फुंग्स्ट यांनी पद्धतशीर प्रयोग केले आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. प्रश्नकर्त्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला प्रश्नकर्ता दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. योग्य आकडा आला, की प्रश्नकर्त्याचे डोके नकळत हलायचे, आणि घोडा तेवढे टिपून थांबायचा.

आपल्या बोलक्या मदतनीसालाही प्रश्नकर्त्याचे ‘डोके हललेले’ कळते. माणसांच्या पसंतीवर वळण लावल्यामुळे विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळण्याकडे त्याचा कल असतो. ‘वनस्पती फक्त रात्रीच श्वसन करतात, हो ना?’ असे विचारण्यात आपण उत्तराची दिशा आधीच दाखवून देतो. त्याऐवजी ‘वनस्पती दिवसा श्वसन करतात की रात्री? कारण सांग’ असे विचारावे. उत्तर पटले नाही तर ‘हे चूक आहे’ न म्हणता ‘कोणत्या पायरीवर चूक असू शकेल?’ असे विचारावे. नाहीतर बरोबर उत्तरही मागे घेऊन यंत्र माफी मागते! तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला सूचक प्रश्न विचारू नयेत, हे शिक्षकाला ठाऊकच असते. तोच नियम इथे पाळायचा.

आधी अंशशोधन

प्रयोगशाळेत नवा तापमापी आला, की आम्ही तो लगेच प्रयोगाला लावत नाही. आधी वितळत्या बर्फात बुडवतो, मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरतो. जिथे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, तिथे उपकरण काय दाखवते ते पाहायचे. याला अंशशोधन म्हणतात. मदतनीसाचेही असेच अंशशोधन करावे, असे आम्ही सुचवतो.

आपण वर्षानुवर्षे शिकवत असलेला एक घटक निवडा. त्यावर वीस प्रश्न तयार करा : पाच व्याख्यांचे, पाच आकडेमोडीचे, पाच कारणे देण्याचे आणि पाच आपल्या तालुक्याच्या परिसराविषयीचे. उत्तरे तपासून वहीत नोंद ठेवा. बहुधा असे दिसेल, की यंत्र सर्वत्र सारखे चांगले किंवा सारखे वाईट नसते. व्याख्येत पैकीच्या पैकी गुण मिळवणारे यंत्र गावच्या ओढ्याचे नाव ठोकून देते. कुठे विसंबावे आणि कुठे सावध राहावे, याचा नकाशा या वहीतून तयार होतो. कंपन्या आपली यंत्रे वरचेवर बदलतात, म्हणून ही चाचणी काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी.

इथे एक बारकावा आहे. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर थोडे वेगळे येऊ शकते, कारण पुढचा शब्द निवडताना शक्यतेचा भाग असतो. म्हणून पाच वेळा विचारून पाहावे, असे काही जण म्हणतात. उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, तर ती संशयास्पद आहेत हे नक्की. पण जुळली म्हणजे खरी, असे मात्र नाही. व्हर्निअर कॅलिपरला शून्य त्रुटी असेल, तर पाचही वाचने जुळतील आणि पाचही चुकतील. लिखाणात जो गैरसमज वारंवार छापला गेला आहे, तो यंत्र तितक्याच सातत्याने सांगू शकते. विमानाच्या पंखावरून व खालून जाणारी हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोहोचते, हे विधान अनेक पुस्तकांत आढळते आणि ते चूक आहे. अशा त्रुटी पुनरावृत्तीने पकडता येत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र प्रमाण लागते.

काय सोपवावे?

कोणते काम यंत्राला द्यावे आणि कोणते देऊ नये? आमच्या मते इथे एकच प्रश्न विचारावा : काम करायला किती कष्ट पडतात आणि झालेले काम तपासायला किती? यांत फरक जेवढा मोठा, तेवढे ते काम सोपवायला योग्य.

एक उदाहरण घेऊ. ४८३७ × २९६४ हा गुणाकार. हाताने करायला दोन-तीन मिनिटे लागतील. समजा, यंत्राने उत्तर दिले १,४३,४६,८६८. आता आपली जुनी नवाची कसोटी लावा. ४८३७ मधील अंकांची बेरीज २२, पुन्हा बेरीज ४. २९६४ मधील अंकांची बेरीज २१, पुन्हा बेरीज ३. ४ × ३ = १२, म्हणजे ३. उत्तरातील अंकांची बेरीज मात्र ४०, म्हणजे ४. जुळत नाही, तेव्हा उत्तर चूक. खरे उत्तर १,४३,३६,८६८ आहे. त्यातील अंकांची बेरीज ३९, मग १२, मग ३. तपासणीला पंधरा सेकंद पुरतात. अर्थात अंकांची अदलाबदल झाली तर ही कसोटी फसते. पण स्वस्त कसोटी म्हणून ती उपयोगी आहे.

याच मापाने इतर कामे तोलून पाहा. सहलीच्या पत्राचा मसुदा एका वाचनात तपासून होतो, तेव्हा तो जरूर सोपवावा. एकाच नमुन्याची वीस उदाहरणे वेगवेगळ्या आकड्यांनी करून घ्यावीत. समीकरणात उत्तर घालून ती पडताळता येतात. उलट, आपण न वाचलेल्या पुस्तकाचा सारांश मागितला, तर तो तपासायला अख्खे पुस्तकच वाचावे लागेल. आणि विद्यार्थ्याच्या निबंधावरचा शेरा? तो योग्य आहे की नाही हे ठरवायला निबंध वाचावाच लागतो आणि तो विद्यार्थी माहीत असावा लागतो. मग सोपवून वाचले काय?

सांगावे कसे?

शाळेत नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला आपण ‘प्रश्न काढा’ एवढेच सांगत नाही. इयत्ता, घटक, गुण, वेळ, मुलांची तयारी असे सगळे सांगतो. मदतनीसाला तर आपली शाळाच माहीत नसते. ‘परावर्तनावर प्रश्न दे’ या सूचनेपेक्षा पुढील सूचना पाहा : ‘इयत्ता आठवीसाठी सपाट आरशावर सहा प्रश्न दे. मुलांनी परावर्तनाचे नियम शिकले आहेत, गोलीय आरसे शिकलेले नाहीत. दोन प्रश्न आकृती काढण्याचे असावेत. उत्तरे शेवटी वेगळी दे. नमुन्यादाखल एक प्रश्न असा : पूर्ण प्रतिमा दिसण्यासाठी आरशाची उंची किमान किती हवी?’ कशासाठी, कोणासाठी, कोणत्या मर्यादेत, आणि एक नमुना, या चार गोष्टी आल्या की अर्धे काम झाले.

मोठे काम एकदम देऊ नये, पायऱ्या कराव्यात. याचे कारण गणिती आहे. समजा, एक पायरी बरोबर येण्याची संभाव्यता ०.९५ आहे आणि पायऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. अशा दहा पायऱ्या सगळ्या बरोबर येण्याची संभाव्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६० उरते. वीस पायऱ्यांना ती सुमारे ०.३६ होते. दर दोन-तीन पायऱ्यांनंतर आपण तपासून दुरुस्ती केली, तर चूक पुढे वाहत जात नाही.

मुलांची माहिती मात्र या सूचनांत घालू नये. गुणपत्रक, आजार, घरची परिस्थिती या गोष्टी यंत्राला सांगणे म्हणजे त्या कंपनीच्या संगणकावर पाठवणे. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणविषयक भारतीय कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे, आणि सर्वसाधारणपणे तिची माहिती हाताळण्यास पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. नावांऐवजी अ, ब, क लिहूनही बहुतेक काम भागते.

मराठीची अडचण

यंत्र मजकुराचे तुकडे करून वाचते, आणि तुकडे पाडण्याच्या पद्धती प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या असतात. संगणकात साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजीचे एक अक्षर १ बाइट घेते, तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट. ‘विद्यार्थी’ या शब्दात काना, वेलांट्या, हलन्त धरून १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. त्याच अर्थाच्या ‘स्टुडंट’ या इंग्रजी शब्दाला ७ बाइट पुरतात. त्यामुळे मराठी वाक्याचे तुकडे बहुधा जास्त पडतात. शिवाय इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा आहे.

परिणामी यंत्राच्या मराठीत इंग्रजीची वाक्यरचना आणि हिंदीचे शब्द शिरतात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि ‘यातायात’ म्हणजे वाहतूक. ‘आमच्या शाळेत उत्तम शिक्षा दिली जाते’ असे निवेदन पालकांच्या हाती पडले, तर काय होईल याची कल्पना करा! तेव्हा मराठी मजकूर मोठ्याने वाचूनच पुढे पाठवावा. डोळ्याला न खटकलेले कानाला खटकते.

हात चालता राहावा

लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ साली कारखान्यांतील स्वयंचलनावर एक छोटा पण महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा : यंत्राकडे नेहमीची कामे गेली, की माणसाकडे फक्त देखरेख आणि अडचणीच्या वेळची दुरुस्ती उरते. त्यासाठी तर सर्वांत जास्त कौशल्य लागते. पण नेहमीची कामे सुटल्यामुळे तेच कौशल्य गंजत जाते.

शिक्षकाच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. प्रश्न काढताना ‘मुले इथे कुठे अडखळतील?’ हा विचार होतो. तो विचार हीच प्रश्नपत्रिकेची खरी किंमत. सगळे प्रश्न बाहेरून येऊ लागले, तर काही वर्षांत चुकीचा प्रश्न ओळखणारी नजरच राहणार नाही. आणि एका उत्तरसूचीतली एक चूक साठ मुलांच्या वहीत जाते. म्हणून काही कामे मुद्दाम स्वतः करावीत : दर सत्रातली एक प्रश्नपत्रिका, दर आठवड्यातला एक पाठ. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर क्रम उलटवू नये. आधी स्वतः सोडवायचे, मग यंत्राचे उत्तर पाहायचे आणि फरक कोठे पडला ते शोधायचे.

वर्गात करून पाहा

१. यंत्राने लिहिलेला एक उतारा मुलांना द्या. त्यातील प्रत्येक विधानापुढे ‘पाठ्यपुस्तकात आहे’, ‘प्रयोगाने पडताळता येईल’, ‘पडताळता येत नाही’ यांपैकी एक शेरा लिहायला सांगा.

२. एकच प्रश्न सूचक पद्धतीने आणि तटस्थ पद्धतीने विचारा. उत्तरांत काय फरक पडला, याची चर्चा करा आणि हान्सची गोष्ट सांगा.

३. दहावीच्या मुलांना यंत्राकडून दहा गुणाकार करून घेऊन नवाच्या कसोटीने तपासायला सांगा. कोणत्या प्रकारच्या चुका या कसोटीतून निसटतात आणि का, हे त्यांनीच शोधावे. अकरानेही अशी कसोटी करता येते. ती कोणत्या चुका पकडते, हा पुढचा प्रश्न.

या प्रयोगांना संगणकांची खोली लागत नाही. शिक्षकाचा एक मोबाइल आणि फळा पुरे. मुलांनी काय काय शोधले, ते आपल्या नोंदवहीत जरूर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी यंत्र बदललेले असेल, तेव्हा तुलना करायला ती नोंद उपयोगी पडेल.